पट्टीबाईंचं अकरावं कलम

पट्टीबाईंना तोंडावर कुणी पट्टीबाई म्हणत नसे. तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, आणि पाठ फिरली की शहरातले झाडून सगळे संपादक त्यांना पट्टीबाई म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं. मनातून ते त्यांना आवडायचंही, पण तसं त्यांनी नवऱ्याजवळसुद्धा कबूल केलं नव्हतं.

नावाला कारण होती एक फूटभराची लाकडी पट्टी. बाई वृत्तपत्रांच्या तक्रार मंडळात कारकून होत्या, चांगली सत्तावीस वर्षं. हे मंडळ सरकारी नव्हे. वर्तमानपत्रांनीच एकत्र येऊन ते काढलेलं. सरकारने आपले कान धरण्याआधी आपणच आपले धरलेले बरे, एवढाच त्यातला शहाणपणा. कुणाबद्दल खोटं छापून आलं तर त्याने मंडळाकडे यायचं, पाच सदस्य आणि एक अध्यक्ष दोन्ही बाजू ऐकून घेणार, आणि चूक पेपरची असेल तर पेपरने दिलगिरी छापायची. ज्या पानावर चूक त्याच पानावर, आणि तेवढ्याच जागेत. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! संपादक मंडळी बातमी चार कॉलम छापत आणि दिलगिरी बोटभर. मग बाई पट्टी काढत आणि फोन फिरवत.

“साहेब, बातमी सव्वाअकरा इंच होती. दिलगिरी पावणेतीन भरतेय. उरलेली साडेआठ इंच कधी छापताय?”

समोरचा कितीही मोठा असो, साडेआठ इंच छापून यायची.

मंडळाची कचेरी म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत लांब टेबल आणि आठ खुर्च्या, दुसऱ्या खोलीत बाई, तीन लोखंडी कपाटं आणि डिंकाचा वास. तक्रार कागदावर हवी, बातमीचं मूळ कात्रण जोडलेलं हवं आणि बातमी छापून आल्यापासून साठ दिवसांच्या आत हवी, असे नियम. बाई नियमाला इतक्या पक्क्या की गेल्या काही वर्षांत लोक पेपर सोडून फोनवर बातम्या वाचायला लागले तरी त्या जागच्या हलल्या नव्हत्या. एका गृहस्थांनी कुठल्याशा संकेतस्थळाविरुद्ध तक्रार धाडली, ती बाईंनी ‘मूळ कात्रण जोडलेले नाही’ असा शेरा मारून परत पाठवली. गृहस्थ तणतणत जिना चढून आले आणि स्वतःचा फोन टेबलावर आपटून म्हणाले, “घ्या, कापा!”

बाईंनी शांतपणे विचारलं, “किती दिवस ठेवताय इथे?”

हा किस्सा त्या चवीने सांगायच्या. आता सांगत नाहीत.

एका संकेतस्थळाची संपादिका गेल्या वर्षी सदस्य म्हणून आली. जुने लोक तिला ‘वेबवाली’ म्हणत. पहिल्याच बैठकीत तिने हसून विचारलं होतं, “बाई, आता तुमची पट्टी कशाला लावणार?” त्या दिवसापासून बाईंनी तिच्याशी कामापुरतं बोलायचं ठरवलं होतं, आणि काम फारसं पडतच नव्हतं.

आता अकराव्या कलमाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा मंडळाचे निर्णय नुसते फायलीत पडत. त्यांच्या तिसऱ्या वर्षी एका बड्या संपादकाने अध्यक्षांना जेवायला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी फायलीतल्या निर्णयातला ‘खोटी बातमी’ हा शब्द जाऊन तिथे ‘अपुरी बातमी’ आली. सरळसरळ ध चा मा. तरण्या कारकून बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांचं रक्त खवळलं. पुढे सोळा वर्षं त्यांनी प्रत्येक नव्या अध्यक्षांच्या मागे भुणभुण लावली. मंडळाचं संकेतस्थळ निघालं तेव्हा कुठे त्यांचं म्हणणं मान्य झालं, आणि नियमावलीत अकरावं कलम आलं. शब्द बाईंचेच होते: ‘निर्णयात मूळ बातमी आधी, जशीच्या तशी द्यावी. तक्रारदाराचे पूर्ण नाव द्यावे. निर्णय शेवटी द्यावा. प्रसिद्ध झालेल्या निर्णयात काना-मात्रेचाही बदल होणार नाही.’

मूळ बातमी आधी का, तर पेपरने नेमकं काय केलं ते जगाला कळावं म्हणून. नाव पूर्ण का, तर ज्याची बदनामी झाली त्याचंच नाव उजळून निघावं म्हणून. तेव्हापासून आठ वर्षं प्रत्येक निर्णय बाई स्वतः टाइप करून स्वतः संकेतस्थळावर चढवत होत्या. कपाटातले जुने निर्णयही त्यांनी सवडीने याच क्रमात मांडून चढवले. सगळे मिळून तीनशे बारा झाले. देवाची पूजा करावी तशा मनाने त्यांनी ते काम केलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक चाळिशीची बाई येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पायात झिजलेल्या चपला.

“ताई, ओळखलंत का?”

पट्टीबाई माणूस विसरत नसत. ही शाळेतली स्वयंपाकीण. दहा वर्षांपूर्वी शाळेतलं दुपारचं जेवण जेवून तेवीस मुलांना उलट्या झाल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी एका दैनिकाने पहिल्या पानावर छापलं की स्वयंपाकिणीने मुख्याध्यापकांवरच्या रागापायी जेवणात उंदराचं औषध कालवलं. निघालं भलतंच. पाण्याच्या टाकीत कबूतर मरून पडलं होतं. हिने तक्रार केली तेव्हा हिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती. मंडळाने बातमी शंभर टक्के खोटी ठरवली आणि दिलगिरी पहिल्या पानावर आली. बाईंनी ती मोजली होती, बरोबर नऊ इंच.

“या, बसा. कशा आहात? मुलगी केवढी झाली?”

“अकराची झाली,” स्वयंपाकीणबाई म्हणाल्या आणि बसल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरून त्या थोडा वेळ टेबलाकडे पाहत राहिल्या. “ताई, ती माझ्या हातचं जेवत नाही.”

पट्टीबाईंना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

“शाळेत त्यांना निबंध दिला होता, आपल्या आईच्या किंवा वडिलांच्या कामावर. हिने फोनवर माझं नाव घालून शोधलं. तिथे तेच निघालं. विष घातल्याचं. चार महिने झाले. मी आधी तिच्या ताटातला घास खायचा, मग ती थोडा वेळ थांबते, माझ्याकडे बघत बसते, आणि मग जेवते. शाळेचा डबा रिकामा येतो म्हणून मला बरं वाटत होतं, तर शेजारची पोरगी म्हणाली की ती शाळेमागे ओतून देते.”

“अहो, पण तुम्ही सांगितलं नाहीत तिला?”

“सांगितलं की. म्हटलं, ते खोटं होतं, आपण जिंकलो. ती म्हणते, मग अजून लिहिलेलं का आहे?”

बाईंना संताप आला. दहा वर्षांपूर्वी दिलगिरी छापून सुटला आणि फोनवर तीच बातमी अजून ठेवली, म्हणजे हद्दच झाली! त्यांनी तक्रारीचा कागद ओढला, तारीख घातली, त्या दैनिकाचं नाव दोनदा अधोरेखित केलं.

“काळजी करू नका. त्या संपादकाला इथे आणून उभा करते. कात्रण आणलंय?”

स्वयंपाकीणबाईंनी पिशवीतून फोन काढला, नाव घातलं आणि फोन पुढे केला.

पहिल्याच जागी जाड अक्षरात त्यांचं पूर्ण नाव होतं आणि खाली दोन ओळी: ‘स्वयंपाकिणीने रागाच्या भरात मुलांच्या जेवणात उंदराचे औषध कालवले. तेवीस मुले अत्यवस्थ. सदर महिला…’ पुढे तीन टिंबं. वर एक छोटंसं चिन्ह होतं, लेखणी आणि तराजू.

पट्टीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. चिन्ह तेच राहिलं. तेच चिन्ह त्यांच्या टेबलावरच्या कागदावर होतं, दारावरच्या पाटीवर होतं आणि शिक्क्यावर होतं. त्यांनी बोट लावलं. पान उघडलं. वर मूळ बातमी, जशीच्या तशी, काळ्या चौकटीत. पूर्ण नाव. मग सहा पानं दोन्ही बाजूंचं म्हणणं, आणि सगळ्यात शेवटी, अकरा वर्षांची मुलगी कधीच पोचणार नाही अशा ठिकाणी, एक वाक्य: ‘सबब ही बातमी पूर्णपणे असत्य आहे.’

दैनिकाची बातमी कुठेच नव्हती. बाईंनी पान वरखाली केलं, दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. दैनिकाने ती कधीच काढून टाकली होती. जगात ती खोटी बातमी आता एकाच जागी शिल्लक होती, आणि ती जागा त्यांनी बांधलेली होती.

“ताई, बरं वाटत नाही का तुम्हाला?” स्वयंपाकीणबाई विचारत होत्या. “पाणी देऊ?”

तिनेच उठून माठातलं पाणी आणून दिलं. बाईंनी ते गटागटा प्यायलं, आणि हिच्या हातचं कोण खात नाही ते आठवून त्यांना ठसका लागला.

“हे आमचंच आहे,” त्या म्हणाल्या. “पेपरचं नाही. आमचं. मी लिहिलेलं.”

“ठाऊक आहे मला,” स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. “म्हणूनच तुमच्याकडे आले. तुम्ही मागे माझं ऐकलं होतंत.”

रागाने आली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. बघते, करते, कळवते असं काहीबाही बोलून त्यांनी तिला जिन्यापर्यंत पोचवलं. मग एक वर्ष टाळलेलं काम त्यांनी केलं. वेबवालीला फोन लावला.

“हे असं का दिसतं? शेवटचं वाक्य आधी का दाखवत नाही?”

“बाई, फोन पानाच्या पहिल्या दोन ओळी उचलतो. त्याला निर्णय-बिर्णय कळत नाही.”

“पण आमचं पान सगळ्यात वर का? आम्हाला कोण विचारतं?”

वेबवाली जरा घुटमळली. “तुमच्यावर विश्वास आहे म्हणून. बारा-पंधरा वर्षं जुनं पान, कधी बदललेलं नाही, अभ्यासक त्याचा हवाला देतात. असं पान वर येतं. ते जितकं खरं, तितकं वर.”

पान आठच वर्षांचं होतं, पण एरवी असल्या चुका जागच्या जागी दुरुस्त करणाऱ्या बाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवला आणि निर्णयांची यादी काढली. पहिलं नाव घातलं. एक दाई. ‘दाईने अर्भक बदलले…’ आणि टिंबं. दुसरं, एक गणिताचे शिक्षक. तिसरा बसचालक. ही सगळी तक्रार जिंकलेली माणसं. प्रत्येकाच्या डोक्यावर लेखणी आणि तराजू. दुपारी तीनपर्यंत त्यांनी एकेचाळीस नावं घालून पाहिली आणि मग त्यांचा हात चालेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ठाऊक होतं, पण इथे संन्याशाला निर्दोष ठरवून मग फाशी दिली होती, आणि दोर त्यांनी वळला होता.

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं आणि सवयीने चिडवलं, “काय, आज कुणाची किती इंचं कमी भरली?” नवरा निवृत्त औषधविक्रेता, बायकोच्या पट्टीवर सत्तावीस वर्षं विनोद करून अजून न दमलेला.

“माझीच,” बाई म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं.

नवऱ्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाला, “अगं, पण तुझा हेतू…”

“अहो, हेतू त्या पोरीच्या ताटात वाढता येतो का?”

त्यावर त्याला काही सुचलं नाही. बाईंना ते फार लागलं, कारण या माणसाला कधी काही सुचलं नाही असं झालंच नव्हतं.

शुक्रवारी मंडळाची बैठक होती. बैठकीत कारकुनाने टिपण घ्यायचं, तोंड उघडायचं नाही, असा नियम. पण कुणीही नागरिक तक्रार करू शकतो असाही नियम होता, आणि बाई नियम कोळून प्यायल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अक्षरात, तक्रार लिहिली. तक्रार कुणाविरुद्ध, या जागी लिहिलं: तक्रार मंडळ. कात्रण म्हणून ते पान छापून घेतलं आणि कात्रीने कापून डिंकाने चिकटवलं.

अध्यक्ष, म्हणजे निवृत्त न्यायाधीश, यांनी विषयपत्रिका वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं. “बाई, ही काय थट्टा?”

“नाही साहेब.” बाई उठल्या, टिपणाच्या टेबलावरून तक्रारदाराच्या खुर्चीत जाऊन बसल्या. सत्तावीस वर्षांत त्या खुर्चीत त्या कधी बसल्या नव्हत्या. तिथून टेबल फार उंच दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“मग टिपण कोण घेणार?”

“मी घेते,” वेबवाली म्हणाली आणि वही ओढली.

बाईंनी सांगितलं. मुलीचं सांगितलं, डबा ओतून देण्याचं सांगितलं. वेबवालीने स्वतःच्या फोनवर स्वयंपाकीणबाईंचं नाव घालून तो टेबलाभोवती फिरवला. ज्याच्या हातात फोन गेला तो आधी सहज पाही आणि मग परत निरखून वाची. एका सदस्याने टेबलाखाली स्वतःचा फोन काढून आणखी कुठलंसं नाव घातलं आणि “अरे देवा” म्हणून फोन उपडा ठेवला.

बोलले फक्त मोठे संपादक. मंडळातले सगळ्यात जुने, चाळीस वर्षं पेपर चालवलेले, बाईंना सगळ्यात जास्त आदर त्यांचाच.

“वाईट झालं, मान्य. पण बाई, नियम साठ दिवसांचा. हा निर्णय चढवून आठ वर्षं झाली.”

“साहेब, कागदावरची बातमी एक दिवस छापून येते. दुसऱ्या दिवशी तिची रद्दी होते. ही रोज छापून येते. आज सकाळीही आली. मी आज सकाळच्या बातमीची तक्रार करतेय.”

मोठ्या संपादकांनी मान हलवली, पण सोडलं नाही. “आणि अकरावं कलम? आज तुम्ही चांगल्या कारणासाठी निर्णय बदलाल. उद्या कुणी बडा माणूस येईल आणि त्याच दारातून आत शिरेल. हे कलम कशासाठी केलं ते आठवतंय ना?”

“कोणी लिहिलं हे कलम?” अध्यक्षांनी विचारलं. ते नवे होते.

सगळे सदस्य बाईंकडे पाहू लागले. सगळ्यांना ठाऊक होतं.

“मी लिहिलं,” बाई म्हणाल्या. “आणि मोठे साहेब म्हणतात ते खोटं नाही. मी ध चा मा होताना पाहिलाय, म्हणून मी कुंपण घातलं. कुंपणाने शेत खाल्लं. आता कुंपण काढा असं मी म्हणत नाही. पण पोरगी उपाशी आहे, साहेब.”

हे बोलताना त्यांचा आवाज फुटला, त्याची त्यांना फार लाज वाटली.

दोन तास बैठक चालली. वाद झाले, चहा गार झाला. शेवटी असं ठरलं की निर्णय पानाच्या डोक्यावर, पहिल्या ओळीत, येईल. खोटी बातमी जशीच्या तशी न देता ती काय होती एवढंच सांगायचं. तक्रारदाराचं नाव त्याच्या मर्जीशिवाय ठेवायचं नाही. काय बदललं, कधी आणि का, ते पानाच्या तळाशी उघड लिहायचं, म्हणजे अंधारात कुणी काही फिरवणार नाही. फोनवरच्या मजकुरासाठी साठ दिवस तो दिसायचा थांबेल तेव्हापासून मोजायचे. तळाशी लिहायची अट मोठ्या संपादकांची होती, आणि ती सगळ्यात चांगली होती असं बाईंचं आजही मत आहे. स्वयंपाकीणबाईंचं पान त्याच संध्याकाळी बाईंनी आणि वेबवालीने शेजारी शेजारी बसून बदललं.

बाईंनी लगेच स्वयंपाकीणबाईंना फोन केला. वाटलं होतं, ती रडेल, आभार मानेल; ती ‘मुलीला दाखवते’ एवढंच म्हणाली.

“मी तिला दाखवलं,” थोड्या वेळाने तिचाच फोन आला. “ती म्हणाली, म्हणजे फोनमधलं कुणीही बदलू शकतं. आता तिचा त्या पानावरही विश्वास नाही आणि माझ्यावरही नाही. ताई, तुम्ही घरी याल का? शिक्क्याचा कागद घेऊन?”

रविवारी दुपारी बाई गेल्या. चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, लिफ्ट नाही. मुलगी टेबलाशी बसली होती. मनगटं काडीसारखी, डोळे मात्र टपोरे आणि जागे. बाईंनी मंडळाच्या कागदावर स्वतः लिहिलेला निर्णय तिच्यापुढे ठेवला. सही, शिक्का, वर पत्ता, फोन नंबर, सगळं जिथल्या तिथे. मुलीने तो सावकाश वाचला.

“आधीचं पान कोणी लिहिलं होतं?”

“मी.”

“आणि हे?”

“हेही मीच.”

“मग यातलं खरं कुठलं?”

सत्तावीस वर्षांत एकाही संपादकाने बाईंना असं उघडं पाडलं नव्हतं.

“हे खरं,” त्या म्हणाल्या. “आधीचं मी चुकीच्या क्रमाने लिहिलं. मला वाटलं, लोक शेवटपर्यंत वाचतात. ती माझी चूक. टाकीत कबूतर मेलेलं होतं, त्याचा फोटो मी या डोळ्यांनी पाहिलाय. तुझी आई समोर बसली होती, तू तिच्या कडेवर होतीस आणि माझा शिक्का तोंडात घालत होतीस.”

मुलगी हसली नाही. कागदाची घडी करून तिने दप्तरात ठेवली.

आईने ताटं घेतली. भात, बटाट्याची भाजी, काकडीच्या चकत्या. मुलीच्या ताटात वाढलं आणि सवयीने त्यातला पहिला घास स्वतःच्या तोंडाकडे नेला. पट्टीबाईंनी तिचा हात धरला.

“मला वाढा आधी.”

आणि त्या जेवल्या. दोनदा भात घेतला. भाजी खरोखरच चांगली झाली होती आणि त्यांनी ती मागून घेतली. मुलगी ताटाकडे बघत नव्हती. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती, एकसारखी, पापणी न हलवता. तिने काही खाल्लं नाही. “मला भूक नाही,” म्हणाली. बाई निघाल्या तेव्हा आई जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, “राहू दे ताई, तुम्ही एवढं केलंत.”

सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी कचेरीतला फोन वाजला. पलीकडे आधी नुसता गलका, मुलांचा.

“बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?”

आवाज ओळखायला क्षणभर लागला. “अगं, तू! हो, बरी आहे. शाळेतून बोलतेस?”

“ऑफिसातून. सरांना सांगितलं, महत्त्वाचं आहे. पोटात दुखलं का रात्री?”

“नाही.”

“उलटी?”

“नाही गं. काहीच नाही.”

मग आवाज एकदम बारीक झाला.

“मी रात्रभर झोपले नाही. तुम्ही जेवत होतात तेव्हा मी तुम्हाला थांबवायला हवं होतं का?”

काल दुपारी त्या टेबलाशी समोर बसलेल्या पोरीने नेमकं काय पाहिलं होतं, ते पट्टीबाईंना आता कळलं. एक परकी बाई आपल्या आईच्या हातचं खाते आहे, कदाचित मरणार आहे, आणि आपण गप्प बसलो आहोत, हे ओझं घेऊन ती पोर सकाळपर्यंत जागी होती.

“नाही,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मला खूप भूक लागली होती. आणि तुझ्या आईच्या हाताला चव आहे.”

“आज तीच भाजी आहे डब्यात,” मुलगी म्हणाली. जरा थांबली. “मी खाणार आहे.”

तिकडे घंटा झाली आणि फोन बंद झाला. पट्टीबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला, टेबलावर डोकं टेकलं आणि त्या रडल्या, मोठ्याने, भर कचेरीच्या वेळात.